आडवा धरलेला आकडा

मी एक जुना आकडा आहे. मित्रांनो, गणिताच्या वहीतला नव्हे. दुकानाचं शटर वर गुंडाळलं की त्याची कडी हाताला पोचत नाही. ती ओढून खाली आणायला एक लोखंडी दांडा लागतो, टोकाशी वाकवलेला. तो दांडा म्हणजे मी. बंगळूरला बनशंकरीत, एका आडरस्त्यावर कृष्णाबाईंचं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे. तिथे दाराशेजारच्या खिळ्यावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म जवळच्याच गिरीराजच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी घराच्या नळाचा उरलेला पाइप आणि एक गंजकी सळई, एवढंच माझं भांडवल. माप घेऊन आले होते आप्पाजी, कृष्णाबाईंचे यजमान. हे जोडपं मूळचं निपाणीचं. नोकरीच्या निमित्ताने इथे आलं आणि इथलंच झालं.

"अण्णा, मी सगळ्यांना एकाच मापाचा आकडा देतो," गिरीराज म्हणाला. "तुम्हालाच वेगळा कशाला?"

"सगळ्यांच्या बायका एकाच मापाच्या असतात काय?" आप्पाजी म्हणाले. "आमच्या मंडळींनी हात वर केला तरी तो माझ्या टोपीला पोचत नाही. चांगला लांब कर."

म्हणून मी इतर आकड्यांपेक्षा लांब झालो. ठिणग्या उडाल्या, सळई वाकली, बादलीतल्या पाण्यात चर्र झालं आणि अंगाला हिरवा रंग लागला. माझी ही जास्तीची लांबी पुढे कशाच्या उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढची कित्येक वर्षं मी सकाळी शटर वर ढकललं आणि संध्याकाळी खाली ओढलं. मधल्या वेळात खिळ्यावर लटकून दुकानाची गंमत पाहिली. कृष्णाबाईंना नुसती वस्तू विकता यायची नाही. कंपासपेटी घेतलेल्या मुलाला त्या तिथेच कोन काढायला शिकवायच्या, आलेखाचा कागद नेणाऱ्या मुलीला आधी रेघा समजावून सांगायच्या. सगळं छान कानडीत सांगायच्या, पण शेवटचा शब्द मात्र निपाणीचा. "कळलं? कळलं?"

आता गंमत अशी, की कानडीत चोराला 'कळ्ळ' म्हणतात. समोर शिवकुमारचं चहा-भज्यांचं दुकान. तो नवीन आला तेव्हा एका दुपारी कृष्णाबाई भागाकार समजावत होत्या. "कळलं? कळलं?" ऐकताच तो भज्यांचा झारा घेऊन रस्ता ओलांडून धावत आला.

"कुठाय अक्का, कळ्ळ कुठाय?"

"अरे कळ्ळ नाही, कळलं! म्हणजे समजलं का, असं!"

भागाकारवाला मुलगा पोट धरून हसला. शिवकुमार झारा पाठीमागे लपवून परत गेला. त्यानंतर त्या रस्त्यावर "कळलं" ऐकून कुणीही मान वर केली नाही.

आप्पाजी गेले. कृष्णाबाईंचा मुलगा महांतेश कामाधंद्याला लागला, आणि आईला त्रास नको म्हणून त्याने शटरला मोटर बसवली. रिमोटचं बटण दाबलं की शटर आपोआप हळूहळू खाली यायचं. मला त्याने मागच्या फळीखाली सरकवून दिलं. कधीमधी कुणाचा पतंग झाडावरून काढायला माझी आठवण व्हायची, एरवी नाही. माझा हिरवा रंग उडाला, अंगावर गंज चढला.

मग ती दुपार आली. रस्ता सुस्तावला होता. तेव्हा दुकानाचं काउंटर आत असायचं आणि गिऱ्हाईक थेट दुकानात यायचं. दोन मुलं आत आली. तोंडाला रुमाल बांधलेले, पण डोळे आणि मनगटं सांगत होती की अजून मिसरूडही फुटलेलं नसावं. एकाने शाळेचं दप्तर छातीवर पुढे अडकवलं होतं. त्या दप्तरातून त्याने कोयता काढला.

दुसऱ्याने गल्ला उपसला आणि कृष्णाबाईंच्या गळ्यातल्या साखळीला हात घातला. ती आप्पाजींनी केलेली. त्यांनी ती घट्ट धरून ठेवली. ओढाताणीत कोयत्याची धार त्यांच्या तळहातावरून गेली. तरी त्या पूर्ण ताकदीनं ओरडल्या, "कळ्ळ! कळ्ळ!"

समोर शिवकुमार गिऱ्हाइकाला चहा देत होता. मी फळीखालून त्याचं बोलणं स्पष्ट ऐकलं.

"अक्काचा क्लास सुरू झाला," तो हसत म्हणाला.

मुलं निघून गेली. रक्ताचे थेंब पायरीवर दिसले तेव्हा कुठे लोक धावले.

संध्याकाळी महांतेश आला. आईच्या हाताची पट्टी पाहून त्याचा आवाजच बदलला.

"अव्वा, बस झालं आता. पुन्हा एकदा असं झालं, की मी ह्या दुकानाला कायमचं कुलूप लावणार."

"चोरी त्यांनी केली, आणि कुलूप मला लावतोस होय रे?"

"त्यांच्या हातात कोयता होता, अव्वा!"

"म्हणून तर म्हणते, मला जरा विचार करू दे की."

मित्रांनो, कृष्णाबाईंनी रडून घेतलं आणि मग खरोखरच विचार केला. दुकान म्हणजे त्यांचं रोजचं जगणं होतं. ते घाबरून सोडायचं नाही हे त्यांनी ठरवलं. पण नुसतं ठरवून कोयता बोथट होत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. साखळी धरून ठेवली ही आपली चूक झाली, असं त्या उघड म्हणाल्या. "साखळी पुन्हा करता येते. हात कुठला करणार?"

मला फळीखालून काढून त्यांनी तेलाने पुसलं. शिवकुमार शेजारीच उभा होता. त्या दिवसापासून त्याला त्यांच्याकडे नीट बघवत नव्हतं.

"अक्का, ह्याला गिरीराजकडून टोक काढून आणतो. भाला करू! कोण येतो बघूच."

"आणि त्या पोराने तो माझ्याच हातातून हिसकावला तर? माझ्या अंगात त्याच्याएवढी ताकद आहे काय? जे मला नीट चालवता येत नाही, ते मी हातात घेणार नाही. मला मारायचं नाहीये, शिवकुमार. मला माझ्या आणि त्याच्या मध्ये काहीतरी आणायचंय."

ते 'काहीतरी' म्हणजे शटर. त्यांनी ती हळू चालणारी मोटर काढायला लावली आणि जुनी स्प्रिंग परत बसवून घेतली. काउंटर थेट उंबऱ्याशी आणलं, म्हणजे गिऱ्हाईक बाहेर पायरीवर उभं राहील आणि शटर पडेल ते दोघांच्या मधोमध. पैशाचा डबा काउंटरच्या कडेला आला आणि मी हाताशी असलेल्या खिळ्यावर. मग रोज दुपारी सराव सुरू झाला. आकडा उचल, कडीत अडकव, ओढ! सुरुवातीला मी कडी सोडून भलतीकडेच अडकायचो आणि शाळेतली मुलं हसायची. हळूहळू मुलांचं हसणं थांबलं.

एक गोष्ट उरली होती. हाक. कृष्णाबाई म्हणाल्या, "माझ्या ओरडण्यावर आता कुणाचा विश्वास नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. म्हणून मी ओरडणार नाही. हा आकडा शटरवर वाजवीन, न थांबता. ते ऐकलं की शिवकुमार, तू कढई बडव. सुचेता, तू पोलिसांना फोन कर. कोयता दिसला तर जवळ कुणी जायचं नाही. कळलं?"

सुचेता वरच्या मजल्यावर राहणारी, पुण्याहून आलेली, घरूनच काम करणारी. ती म्हणाली, "काकू, प्लॅन बेस्ट आहे. फक्त फॉल्स अलार्म देऊ नका हं, माझी मीटिंग जाईल!"

पावसाळा सरला, आणि एका दुपारी ती मुलं परत आली. जिथे एकदा सोपं गेलं तिथे पाय पुन्हा वळतात. तेच दप्तर, तेच रुमाल. कोयता काउंटरवर आपटून तो मुलगा म्हणाला, "पैसे काढ!"

कृष्णाबाईंनी वाद घातला नाही. "घे बाबा, सगळे घे," म्हणत डबा पुढे ढकलला. तो पायरीवर पडला, नाणी खळकन विखुरली. दोघेही वाकले. तेवढ्यात मी कडीत अडकलो होतो. शटर धडाडत खाली आलं आणि वाकलेल्या मुलाच्या छातीवरचं दप्तर त्याखाली दाबलं गेलं. कोयता त्याच्या हातातून निसटून पायरीवर पडला. दुसरा मुलगा बाहेर उभ्या केलेल्या स्कूटरवरून पळाला.

कृष्णाबाईंनी कडी पायाने दाबून धरली आणि मला शटरवर वाजवायला सुरुवात केली. धण्! धण्! धण्! आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. समोरून कढई बोलली. वरून सुचेताचा आवाज आला, "काकू, फोन केलाय! उघडू नका!"

पुढचं कुणीच ठरवलं नव्हतं. माणसं जमली. दप्तराच्या पट्ट्यांत अडकलेला तो मुलगा हलू शकत नव्हता. पहिली थप्पड बसली, मग दुसरी. कुणीतरी लाथ घातली. शटरच्या आत ऐकू आलं, "अम्मा!"

कृष्णाबाईंनी आतून विचारलं, "कोयता कुठाय?"

"बादलीखाली, अक्का," शिवकुमार म्हणाला. त्याने त्यावर बादली पालथी घातली होती आणि वर पाय ठेवून उभा होता.

मगच शटर वर गेलं. मुलगा मागे काउंटरला चिकटला. कृष्णाबाई बाजूच्या फटीतून बाहेर आल्या, त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला आडवा धरला. माझं एक टोक अरुंद दाराच्या ह्या भिंतीला लागलं, दुसरं त्या भिंतीला. आप्पाजींनी मागितलेली लांबी तिथे पुरेपूर लागली. माझ्या एका बाजूला गर्दी, दुसऱ्या बाजूला कृष्णाबाई आणि तो मुलगा.

"बाजूला व्हा, अक्का. ह्यांना अशीच अद्दल पाहिजे. तुमचा हात कापला ना ह्याने?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"माझाच हात आहे तो, मला दुखतोय," त्या म्हणाल्या. "पोलिसांना मी सगळं सांगणार, एक अक्षर गाळणार नाही. पण ह्याच्या हातात कोयता होता तोवर मला स्वतःला वाचवायचं होतं. आता त्याचा हात रिकामा आहे. आता जो मारील, तो वाचवत नाहीये, नुसता मारतोय. ह्याला कुणी बोट लावायचं नाही. कळलं?"

मग बादलीवरून शिवकुमार म्हणाला, "कळलं, अक्का."

इतक्या वर्षांत त्याने तो शब्द पहिल्यांदाच नीट ऐकला होता.

भाग्यलक्ष्मी नावाच्या पोलीसबाई आल्या, साध्या कपड्यांत, कारण लहान मुलापुढे पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं. आनेकलकडचा, पंधरा वर्षांचा. त्याने माफी मागितली नाही. दिलेलं पाणी मात्र पूर्ण प्यायला. पुढे काय करायचं ते मुलांसाठीच्या न्यायमंडळाने ठरवायचं होतं. कृष्णाबाईंनी जबानी दिली, दोन्ही दुपारींची.

महांतेश धावतपळत आला तेव्हा त्याच्या हातात खरोखरच नवंकोरं कुलूप होतं. आईने ते घेतलं, उलटसुलट करून पाहिलं.

"बरं केलंस. जुनं गंजलं होतं. संध्याकाळी दुकान बंद करताना लागेल." आणि त्याच्या हातात मला देऊन म्हणाल्या, "उद्या सकाळी शटर तू वर कर. जमतंय का बघू."

त्याने केलं. पहिल्या खेपेला मी कडी सोडून भलतीकडेच अडकलो. त्या हसल्या.

मित्रांनो, माझं आता फारसं मागणं नाही. कधीतरी तेलाचा हात फिरवा आणि मला हाताशी ठेवा, फळीखाली नको. कुणी धारदार हत्यार दाखवलं तर वस्तू सोडा, लांब व्हा, दार मध्ये आणा, आवाज करा. धोका टळला की हात आवरा. आणि शेजारून आलेला आवाज ओळखीचा वाटला, तरी एकदा उठून बघाच. तुमच्या कानावर 'कळलं' आलं असेल, पण कुणीतरी 'कळ्ळ' म्हणत असेल.