तारेतून येणारा नोल्फो

बेटावरच्या त्या गावात शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला नानाय मेर्सिंगच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. कोळणी, नारळाच्या बागेतले गडी, पाद्र्याच्या घरची स्वयंपाकीण, इतकंच काय, नगरपालिकेतले दोन कारकूनसुद्धा खिडकीच्या गजांना नाक लावून उभे राहत. आत लेसचा रुमाल अंथरलेल्या टेबलावर संगणक, संगणकासमोर पासष्ट वर्षांची मेर्सिंग, आणि पडद्यावर तिचा मेलेला मुलगा.

नोल्फो मालवाहू जहाजावर खलाशी होता. आठ महिन्यांपूर्वी ते जहाज वादळात बुडालं. प्रेत मिळालं नाही. पुरायला काही नाही, फुलं वाहायला थडगं नाही. मागे राहिला तो त्यानं परदेशातून पाठवलेला हा जुना संगणक, आणि त्यात साठवलेली त्याची पत्रं.

आता तो संगणक आपोआप जागा होई. तबकडी ठेवायचा खण कुणी हात न लावता बाहेर येई आणि आत जाई. पडद्यावरचा बाण सरकू लागे, पांढरं पान उघडे आणि एकेक अक्षर उमटे: ‘नानाय, मी आलो.’ नानाय म्हणजे आई. अंगणातल्या बायका क्रुसाची खूण करत. मेर्सिंग एका बोटानं प्रश्न टाईप करी, आणि मुलगा उत्तर देई.

शेजारी पांढरा सदरा घालून ब्रदर सेल्सो उभा असे. दोन वर्षांपूर्वी हा गृहस्थ बाजारात रेडिओ दुरुस्त करी. मग त्याला दृष्टांत झाला आणि दुकानाची प्रार्थनासभा झाली. “बुडालेल्याचा आत्मा खारट असतो,” तो डोळे मिटून सांगे. “खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, हे शाळेत शिकवतात की नाही? मग आत्मा तारेतून का वाहणार नाही? टेलिफोनची तार जोडलेली ठेवा. ती त्याची वाट आहे.”

हे ऐकताना दाराशी उभ्या रोसेंदाच्या कपाळाची शीर उडे. ती मेर्सिंगची थोरली मुलगी, गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. सेल्सोच्या बोलण्यात शाळेचा उल्लेख आला की लोक तिच्याकडे बघत, आणि हे थोतांड आहे असं तिला म्हणवत नसे. कारण पहिल्याच शनिवारी पडद्यावर अक्षरं उमटली होती: ‘मानांग, खोकला गेला का? आलं घातलेला चहा पी.’ मानांग म्हणजे ताई. नोल्फो दर पत्रात हेच विचारायचा. रोसेंदा त्या दिवशी मागच्या दारानं बाहेर गेली आणि विहिरीच्या कठड्यावर बराच वेळ बसून राहिली. आपण विज्ञान शिकवतो हे तिला आठवत होतं. पण परत आत जाऊन त्याला काहीतरी विचारावं, असंही वाटत होतं.

मग पाचव्या शनिवारी नोल्फो म्हणाला, ‘नानाय, तू सुई टोचून घेतलीस की तुझ्या अंगाचा वास बदलतो. मला वाट सापडत नाही.’

मेर्सिंगला मधुमेह होता. दुसऱ्या दिवसापासून तिनं इन्सुलिन बंद केलं. तळपायाला एक जखम होती, तिच्यावर सेल्सोनं मंतरलेलं खोबरेल तेल लावायला दिलं. पंधरा दिवसांत पायाची दोन बोटं काळवंडली.

“नानाय, दवाखान्यात चल,” रोसेंदा रोज म्हणे.

“आणि तो आला, आणि मी नसले तर?”

“पाय जाईल तुझा.”

“माझा मुलगा गेला, बाई. पायाचं काय घेऊन बसलीस?”

दरम्यान सेल्सोला मेर्सिंगच्या समुद्राकाठच्या जागेवर प्रार्थनाघर बांधायचं होतं, आणि अलीकडे नोल्फोलाही तेच हवंसं वाटू लागलं होतं. खलाशाला जिवंतपणी कधी प्रार्थनेला वेळ मिळाला नव्हता. मेल्यावर बराच देवभोळा झाला, असं रोसेंदाच्या मनात आलं, आणि आपण मनातसुद्धा त्याला ‘नोल्फो’च म्हणतोय हे लक्षात येऊन ती दचकली.

एका दुपारी आई झोपली असताना ती पहिल्यांदा नीट त्या यंत्रापुढे बसली. गेल्या वर्षी शाळेच्या संगणकांवर प्रेमपत्राच्या वेषात एक किडा, म्हणजे यंत्र बिघडवणारा प्रोग्राम, आला होता. कुणीतरी मोठ्या आशेनं ते पत्र उघडलं आणि सगळ्या फाइली खराब झाल्या. तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसानं तिला सांगितलं होतं, “मॅडम, हे किडे स्वतःहून पसरतात. दुसरा एक प्रकार त्याहून वाईट. तो भेट बनून येतो, तुम्हीच त्याला घरात घेता, आणि मग तो आतून कडी काढतो. बाहेरचा माणूस तुमचं यंत्र लांबून चालवतो, वाचतो, लिहितो.”

घरात कुठली भेट आली होती? ती सेल्सोनं दिलेली होती. त्या जहाजावर माणसं गमावलेल्या चारही घरांत त्यानं एकेक छोटी फ्लॉपी वाटली होती. ती घातली की पडद्यावर मेणबत्ती तेवत राही, मृतांच्या शांतीसाठी.

पण लोकांना हे सांगून काय उपयोग? तार काढली की नोल्फो थांबतो, हे दाखवावं तर सेल्सोनं तो मार्ग आधीच बंद केला होता. तार त्याची वाटच होती ना! मग रोसेंदानं भावाच्या पत्रांच्या कप्प्यात आणखी एक पत्र लिहून ठेवलं, त्याच्याच ढंगात, जुन्या तारखेचा उल्लेख करून. मेलेल्या भावाच्या तोंडी खोटं घालणारे आता आपण दुसरे, असं तिला वाटलं.

पुढच्या शनिवारी तिनं शेजारच्या मानोंग, म्हणजे दादा, पिद्योंगला बाजूला घेतलं. तो तिचाकी रिक्षा चालवायचा आणि सेल्सोचा पक्का भक्त होता.

“चौकात सेल्सोच्या बहिणीचं इंटरनेटचं दुकान आहे ना? तीन वाजता तिथं जाऊन बस. ती काय टाईप करते तेवढं मागून वाच.”

“संशय घेतेस, मॅडम? पाप लागेल.”

“माझा संशय खोटा निघाला तर मी सगळ्यांसमोर ब्रदरच्या पाया पडेन.”

“बघायलाच हवं ते,” असं म्हणत पिद्योंग गेला.

तीन वाजले. खण बाहेर आला, आत गेला. खिडकीतून सुस्कारे आले. अक्षरं उमटू लागली: ‘नानाय, आज मन मोकळं करतो. लहानपणी तुझा लाडका निळा घडा मी फोडला होता. तुकडे फणसाखाली पुरले. मानांगनं कधी सांगितलं नाही. मला क्षमा कर.’

“ऐका,” सेल्सो हात उंचावून म्हणाला, “आत्मा ओझं उतरवतोय. हे गुपित भाऊ, बहीण आणि देव यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?”

बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मेर्सिंग मात्र पडद्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, जणू ती घरातली सगळी भांडी एकेक करून आठवत होती. आई स्वतःची समजूत घालील, असा कुठलातरी घडा शोधून काढील, अशी रोसेंदाला भीती वाटत होती.

“माझ्याकडे निळा घडा कधीच नव्हता,” मेर्सिंग म्हणाली.

“आठवा, नानाय, वयोमानानं...”

“सेल्सो, मातीचे दोन होते, दोन्ही तांबडे. दोन्ही अजून आहेत.”

“तो घडा मी गेल्या आठवड्यात तयार केला,” रोसेंदा म्हणाली. “त्याच्या पत्रांमध्ये लिहून ठेवला होता. जो बोलतोय तो ती पत्रं वाचून बोलतोय.”

अंगणात कुजबुज सुरू झाली. सेल्सो म्हणाला की सैतानानं तार बळकावली आहे. तेवढ्यात पिद्योंगची तिचाकी फाटकाशी थांबली. तो कुणाकडे न बघता आत आला आणि मेर्सिंगसमोर टोपी काढून उभा राहिला.

“नानाय, ब्रदरची बहीण लिहीत होती. निळा घडा, फणस, सगळं. एका हातात तळलेलं केळ होतं तिच्या.”

लोक सेल्सोला मारतील असं वाटलं. पण मेर्सिंग रडू लागली तेव्हा सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत तो निसटला. संध्याकाळच्या बोटीनं भाऊ-बहीण दुसऱ्या बेटावर गेले.

मेर्सिंगची दोन बोटं कापावी लागली, पाय वाचला. दवाखान्यातल्या खाटेवर ती लेकीला म्हणाली, “कोण होतं ते कळलं मला. पण दुपार झाली की कान तिकडेच लागतात.”

“माझेही लागतात,” रोसेंदा म्हणाली.

शाळेच्या दोन संगणकांवर रोसेंदानं तीच फ्लॉपी घालून दाखवली: एका खोलीत तिनं टाईप करायचं, दुसऱ्या खोलीत अक्षरं उमटायची. सगळा गाव पाहून गेला. दोन घरांनी आपापल्या फ्लॉप्या आणून दिल्या. चौथ्या घरातला ताताय, म्हणजे बाबा, आमादो मात्र देईना. त्याचे दोन मुलगे त्या जहाजावर होते.

रोसेंदा त्याच्या ओसरीवर बसली. “देऊ नका, ताताय. फक्त कधी कुणी मुलाच्या नावानं बोललं, तर त्याला असं काही विचारा, जे तुम्ही कुठेच लिहून ठेवलेलं नाही. उत्तर चुकलं तर त्याचं काही ऐकू नका, औषध तर मुळीच सोडू नका. तुमचं दुःख ज्याला वापरायचंय, तो ते आधी नीट वाचून येतो. म्हणून विचारायचं. मुलांवर कितीही जीव असला तरी विचारायचं.”

म्हाताऱ्यानं विचारलं, “धाकट्याला मी झोपवताना काय म्हणायचो, ते विचारू?”

“ते विचारा,” ती म्हणाली.