चंद्रव्वाचा बोळा

चंद्रव्वानं बादलीत कोपर बुडवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. पाणी आजही कोमटच. वर भिंतीवर गॅस गीझरची ज्योत पिवळी पडली, दोनदा थरथरली आणि विझली.

"अय्यो शिवने! गेलं मेलं पुन्हा!" असं म्हणत ती भिंतीला धरून बाथरूमच्या बाहेर आली. डोकं गरगरत होतं.

हे गरगरणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं तिनं सोलापुरातली बाळं पायांवर घेऊन न्हाऊ घातली, एक म्हणून कधी हातातून निसटलं नाही. आणि आता जुळे सोलापुरातल्या या फ्लॅटमध्ये, प्रभाताईंच्या वीस दिवसांच्या नातीचं पाणी काढता काढता चार दिवस डोळ्यांपुढं अंधारी येत होती. म्हातारपण, दुसरं काय! काल विजापूर रोडवरून नव्या बाळंतिणीसाठी बोलावणं आलं, तर तिनं सरळ नाही म्हटलं. आज प्रभाताईंनाही सांगून टाकायचं होतं. पण सांगायचं म्हटलं की तिला रडूच यायचं.

तेवढ्यात प्रभाताईंनी बोलावलेला गीझरवाला बिभीषण आला. मंगळवेढ्याकडचा गडी, हात चालायच्या आधी तोंड चालणारा.

"काकू, उदबत्ती हाय का?"

"का रे बाबा, गीझरची पूजा मांडतोस?" प्रभाताई म्हणाल्या.

"व्हय की. देव कशानं कोपलाय ते बघतो."

त्यानं गीझर पेटवला आणि पेटती उदबत्ती वरच्या फटीपाशी धरली. धूर आत ओढला जाऊन पाइपातून बाहेर जायला हवा होता. तो सगळा उलटा त्याच्याच नाकात आला. बिभीषण शिंकला, त्यानं झटकन गीझर बंद केला आणि खिडकी सताड उघडली.

"काकू, घरात कुणाचं डोकं दुखतंय का? चक्कर, मळमळ?"

"माझं दुखतंय, रोज आंघोळ झाली की," खोलीतून प्रभाताईंची बाळंतीण लेक भार्गवी म्हणाली. "मला वाटलं जागरणानं."

चंद्रव्वा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अन् बाळ?"

"बाळाला मी गीझर बंद करूनच आत घेते," चंद्रव्वा घाईनं म्हणाली.

"लई चांगलं केलं, मावशी. तरी आज समद्यांना डॉक्टरला दाखवून आणा."

मग तो स्टुलावर चढला, खिडकीतून हात बाहेर घातला आणि पाइपाच्या तोंडातून ओढू लागला. हिरव्या इरकली लुगड्याचा हा एवढा बोळा बाहेर आला, काजळीनं माखलेला.

"मीच कोंबला त्यो," चंद्रव्वा म्हणाली. "थंडी सुटली की. वल्या बाळंतिणीला वारं लागू नये म्हून खिडकी लावली, तर त्या पाइपातनं बी वारं यायचं."

"अवो मावशी, धुराडं बुजवल्यावर चूल काय करंल? ह्याचा इखारी धूर तर दिसत बी न्हाय. दार लावून त्यात उभं ऱ्हायलं तर माणूस गरगरणारच की!"

चंद्रव्वानं मान वर केली.

"म्हंजे... चक्कर ह्यानं येत हुती?"

"मग कशानं?"

"तुम्हाला चक्कर यायची? आणि एका शब्दानं बोलला नाहीत?" प्रभाताई कडाडल्या. त्या बरंच बोलल्या, आणि चंद्रव्वानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. चुकलं होतंच. पण मधूनच ती आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघत होती, आणि हसू काही केल्या ओठांत राहीना.

डॉक्टरांनी बाळासकट सगळ्यांना तपासून ठणठणीत म्हटलं. बिभीषणनं काजळी साफ केली, ज्योत निळीशार पेटवून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी गीझर काढून गॅलरीत लावायचं ठरवून गेला.

सकाळी पाणी स्वयंपाकघरात तापलं. चंद्रव्वा पाय पसरून बसली, बाळ पायांवर घेतलं, तेल चोळलं, तांब्यानं धार धरली. नातीनं घर डोक्यावर घेतलं. चंद्रव्वाच्या डोळ्यांपुढं लख्ख उजेड होता.

"पोरी," बाळ दुपट्यात गुंडाळत ती भार्गवीला म्हणाली, "तुज्या फोनवरनं विजापूर रोडवाल्यांना लाव. म्हणावं, चंद्रव्वा येतीया."

भार्गवीनं नंबर लावला.

"अन् म्हणावं, मी यायच्या आदी बाथरूमची खिडकी उघडून ठेवा."