माझ्या पोटातला प्रश्न

‘पाळीत कुरमाघरात नाई गेलं तं गावावर खरंच रोग येते का?’

मित्रांनो, हा प्रश्न माझ्यावर टाईप झाला तेव्हा तीन मुली एकाच खुर्चीला लटकल्या होत्या. मैत्रिणींनी हे विचारून दाखवायची पैज लावली आणि नववीतल्या दिव्यानीने ती घेतली. कुरमाघर म्हणजे त्या दिवसांत बायकांनी राहायची, घरापासून दूरची झोपडी. रोग येत नाही, असं उत्तर आलं. तिने फुली दाबून पान बंद केलं. तिला वाटलं, प्रश्नही गेला.

मी एक जुना संगणक आहे. धानोऱ्याच्या एका ऑनलाइन सेंटरात नऊ वर्षं राबतोय. दाखले, निकाल, शिष्यवृत्त्या, सगळं माझ्याच हातून गेलं. पहिल्या दिवशी मला हार घातला होता. आता माझ्या डोक्यावर खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुड्या असतात. त्याचं मला काही नाही. माझा संताप वेगळा आहे. कोणी काय शोधलं ते मी लिहून ठेवतो आणि ते पुसायला मला कोणी सांगतच नाही.

सोमवारी दिव्यानीचे आईबाप, बुधरी आणि कोलू, तिला घेऊन शिष्यवृत्तीच्या कामाला अंगठा लावायला रांगेत आले. सेंटरवाल्या धनराजभाऊच्या वहीत, कोण कधी बसलं ते होतंच. त्याने माझी हिस्ट्री उघडली आणि तो प्रश्न रांगेला वाचून दाखवला.

"कोलूभाऊ, पोरगी लय शिकून राह्यली तुमची."

रांग हसली. कोलूने मान खाली घातली. माझी स्क्रीन तेव्हाच फुटायला हवी होती.

"पुसा ते, भाऊ," दिव्यानी म्हणाली. "सगळ्या पोरींचं."

त्याने एक बटण दाबलं. "घे, गेलं."

"नाई गेलं."

खरंच गेलं नव्हतं. यादीतून नाव उडतं, मजकूर डिस्कवर पडून राहतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं, तरच तो मिटतो. शाळेतल्या माधवी मॅडमनी तिला हे शिकवलं होतं. तिने खुर्ची ओढली. धनराजभाऊ अडवायला आला, तर बुधरी मधे उभी राहिली. दिव्यानीच्या हुकमाने तासभर मी माझ्या रिकाम्या जागेवर शून्यं गिरवत होतो. रांग खोळंबली. या वेळी कोणी हसलं नाही.

मित्रांनो, माझ्यासमोरून उठताना मागे काय राहिलं ते बघा. दुसऱ्याचं राहिलेलं दिसलं, तर वाचू नका. एवढी तरी लाज बाळगा.

आता तो प्रश्न माझ्यात कुठेच नव्हता. दिव्यानीने तो स्वतःच्या तोंडाने, रांगेकडे बघत, पुन्हा विचारला. मग ती आईबापाकडे वळली.

"माय, बा, या महिन्यापासून मी घरातच झोपीन."