टीनोच्या गालातली काडी

आयदेबाई फोंतारेली आयुष्यात पहिल्यांदा किरिंदोंगोंच्या घराची पायरी चढल्या, तेव्हाच नेरेइदाला काहीतरी काळंबेरं असल्याचा वास आला. सत्तरीची ही बाई, याउको गावाच्या डोंगरातल्या कॉफीच्या मळ्याची मालकीण, नेरेइदाच्या बापाला जन्मभर "ए टीनो" म्हणत आली. आणि आज? "डॉन सातुर्निनो, कसे आहात तुम्ही?" अहोजाहो! नेरेइदाने कॉफी दिली, पण साखर किती घालू ते विचारलं नाही.

टीनोने त्याच मळ्यात चाळीस वर्षं कॉफी तोडली होती. आणि तो कुणाचा, हे अख्ख्या डोंगराला ठाऊक होतं. आयदेबाईंचे वडील डॉन आन्सेल्मो आणि त्यांच्या घरी स्वयंपाक करणारी रामोना किरिंदोंगो, यांचा तो मुलगा. तेच नाक, तेच कान, तीच खांदा पाडून चालायची ढब. पण आन्सेल्मोने कागदावर सही म्हणून केली नाही. आमच्याकडे माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. टीनोला एकच. शाळेत हजेरी घेताना मास्तर मुद्दाम थांबायचे, "किरिंदोंगो... आणि पुढे काय रे?" पोरं फिदीफिदी हसायची. नेरेइदा सरकारी दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. एखाद्या फॉर्मवर आडनावाची एक जागा रिकामी दिसली की तिला बाप आठवतो आणि तिचं डोकं फिरतं.

"काम अगदी छोटं आहे," आयदेबाई म्हणाल्या. फोंतारेली घराण्याची त्यांनी संस्था काढली होती. वीस वर्षं चर्चच्या वह्या आणि जहाजांच्या याद्या चाळून झाल्या. पणजोबा कॉर्सिका बेटावरून आले एवढं कळलं, पण गाव कुठलं ते काही सापडेना. आता म्हणे शरीरातल्या खुणेवरून कळतं. ही खूण बापाकडून फक्त मुलाकडे उतरते, बायकांत नसते. आयदेबाईंच्या दोन्ही भावांना मूलबाळ नव्हतं आणि दोघेही जाऊन चार वर्षं झाली होती.

"म्हणजे आता माझे पपा हवेत," नेरेइदा म्हणाली.

"अगं, सगळ्यांना माहीतच आहे की," आयदेबाई खिडकीबाहेर बघत बोलल्या. भाऊ हा शब्द काही त्यांच्या तोंडातून निघाला नाही.

टीनोने हातातली टोपी दोनदा फिरवली. "आणि माझं नाव? तुमच्या त्या वंशवृक्षावर लावाल?"

"हे काय विचारणं झालं? लावणारच!"

झालं! एक्याऐंशी वर्षांचा म्हातारा उठला, दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला आणि मग तपासणीसाठी आलेली कापूस लावलेली काडी गालात फिरवायला बसला.

"अहो पपा, गालाच्या आतून घ्यायचंय, बाहेरून नाही!"

"असू दे गं. बापाकडे जायचंय ना," टीनो म्हणाला. नेरेइदाला हसू आलं आणि लगेच रागही आला. टीनोला ईमेल-बिमेल कुठलं? निकाल बघायचं खातं तिने आपल्याच फोनवर उघडलं.

दोन महिन्यांनी निकाल आला. कॉर्सिकाच्या डोंगरातल्या एका खेड्यातल्या फोंतारेलीशी टीनो तंतोतंत जुळला. आयदेबाई फोनवर आनंदाने किंचाळल्या. पुढच्याच महिन्यात मळ्यावर मेळावा ठरला. दोनशे माणसं, आख्खं भाजलेलं डुक्कर, तुरीचे दाणे घातलेला भात, आणि वाड्याच्या भिंतभर छापलेला वंशवृक्ष.

टीनो आल्याआल्या भिंतीपाशी गेला. चष्मा लावून आन्सेल्मोच्या खाली बोट फिरवलं. दोन मुलगे, एक मुलगी. पुन्हा फिरवलं. तीनच. मग नेरेइदाला अगदी खाली कोपऱ्यात बारीक ओळ दिसली: "नमुना सौजन्य: मळ्यावरील एक जुना कामगार."

नेरेइदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आयदेबाईंना स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं. "कामगार? लाज वाटत नाही? नमुना घेताना डॉन सातुर्निनो, आणि भिंतीवर कामगार?"

"हळू बोल," आयदेबाई कुजबुजल्या. "मी तरी काय करू? टीनोच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाची जागा कोरी आहे. आमची संस्था कागदावर चालते. कागद आण, उद्या नाव लावते."

"तुमच्या बापाने सही केली नाही, आणि कागद आम्ही आणायचा?"

"चल गं," मागून टीनो म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बस खाली. भात गार होतोय." जन्मभर हेच! नेरेइदाला बापाचाही संताप आला. अहो, एकदा तरी ओरडा, एखादं ताट तरी फेका!

जेवणं झाल्यावर आयदेबाई माईक घेऊन उभ्या राहिल्या. निकाल सगळ्यांना पडद्यावर दाखवायचा होता, पण खातं उघडणारा आकडा नेरेइदाच्या फोनवर यायचा. "नेरेइदा, ये हं बाळ," त्या गोड आवाजात म्हणाल्या. नेरेइदा दात आवळून गेली आणि पडद्याला जोडलेल्या संगणकात आकडा टाकला. पडद्यावर त्या खेड्याचं नाव झळकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन बायका चक्क रडायला लागल्या. कसलं रडताय, तिच्या मनात आलं, ज्याच्या जिवावर रडताय तो तिकडे मागच्या बाकावर बसलाय.

पण टीनो बाकावर नव्हता. काठी टेकत तो पुढे, तिच्याजवळ आला होता.

"यातलं माझं कुठलं?" त्याने लेकीला विचारलं.

"हे सगळंच तुमचं, पपा."

"आणि पुसायचं कुठून?"

नेरेइदाने त्याच्याकडे पाहिलं. एक्कावन्न वर्षांत बापाचा असा आवाज तिने ऐकला नव्हता. तिने बटण दाखवलं. त्याने जाडजूड बोटाने ते दाबलं, आणि पडद्यावर हातभर अक्षरं उमटली: नमुना आणि सर्व जुळण्या कायमच्या नष्ट करायच्या का?

टाळ्या थांबल्या. "डॉन सातुर्निनो, हे काय करताय!" आयदेबाई धावल्या. त्याचं बोट पुन्हा खाली यायला लागलं, तशी त्यांनी त्याची बाही धरली. "वीस वर्षं घातलीत मी यात! टीनो, अरे थांब! भाऊ ना तू माझा! एकाच बापाची आपण!"

माईक हातातच होता. दोनशे माणसांनी ऐकलं. पाद्रीबाबांनी पेला खाली ठेवला.

टीनोचं बोट हवेत थांबलं. हेच ऐकायला तो अख्खा जन्म थांबला होता, आणि नेरेइदाला वाटलं, विरघळला म्हातारा, आता गळ्यात पडणार.

"आयदे," तो म्हणाला. नुसतं आयदे. आजवर बाई लावल्याशिवाय त्याने हे नाव कधी उच्चारलं नव्हतं. "कागद आहे का?"

आणि त्याने बटण दाबलं.