घडीगणिक एक वाक्य

छप्पन्न वर्षांची झाली, लेकीचं लग्न झालं, शाळेच्या कचेरीतली नोकरी संपली, तरी माहेरी-सासरी तिला सगळे बेबीच म्हणत. त्यामुळे एका रविवारी सगळे जेवायला जमलेले असताना ती म्हणाली, "मी परदेश बघायला जाणार. एकटी. पाठीवर सॅक टाकून," तेव्हा सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"वन्सं, अहो कोपऱ्यावर सुईदोरा आणायला जाताना तुम्हाला सोबत लागते!" वहिनी म्हणाली.

दादा, म्हणजे बेबीचा थोरला भाऊ, हसला. "जाऊ दे गं तिला. हरवली तर ज्याला सापडेल तोच आणून सोडेल. बडबड ऐकून घ्यायची ताकद लागते माणसाला."

नवऱ्याने एवढंच सांगितलं, की त्याचे गुडघे यायला तयार नाहीत, तेव्हा तो गुडघ्यांपाशी थांबेल आणि घर सांभाळेल. लेकीने आपली कॉलेजातली सॅक धुऊन दिली. ती पाठीवर चढवली की मागून बेबी दिसेनाशीच व्हायची. सॅकलाच पाय फुटलेत असं वाटायचं.

तर अशी ही बेबी एका परक्या शहरात पोचली. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. पूल बघितले, बागेत बाकावर बसून पाव खाल्ला, चुकीच्या बसमध्ये बसून शहराचं भलतंच टोक बघून आली. भाषेचा गंध नव्हता, पण हात आणि हसू यांवर पुष्कळ भागतं हे तिला कळलं. एकच गोष्ट तिला सांगता येत नव्हती, घरी फोनवरसुद्धा. काहीतरी चांगलं दिसलं की ती शेजारी वळून "अगं बाई, बघ तरी" म्हणायला जायची, आणि शेजारी कोणी नसायचं.

मग एका सकाळी ती ज्या प्रवासी वसतिगृहात उतरली होती, तिथे तिने सॅक उघडली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. डोक्याला लावायच्या तेलाची बाटली आत फुटली होती. कुडते, सलवारी, टॉवेल, मोजे, सगळं तेलात चिंब. अंगावरचे तेवढे कोरडे. खाली नोंदणीच्या टेबलाशी बसणाऱ्या मुलीने हातवारे करून धुलाईच्या दुकानाचा रस्ता सांगितला: डावीकडे, मग उजवीकडे, मग हाताची एक अशी लाट, जिचा अर्थ काहीही होऊ शकत होता.

बेबी अर्थातच चुकली. सगळ्या गल्ल्या सारख्या, उंच घरं, अरुंद खिडक्या, बंद दारं. सॅकमधून तेलाचा एक थेंब पाठीवरून खाली उतरत होता आणि तिला रडू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात वास आला. ओल्या सुती कापडावरून तापलेली इस्त्री फिरली की येतो तो. ती जागच्या जागी थबकली. तिच्या वडिलांची लाँड्री होती. तिचं अख्खं बालपण त्या वासात गेलं होतं. रस्ता विचारायची गरजच उरली नाही. नाक पुढे आणि बेबी मागे.

दुकान लहानसं होतं. लाकडी फळीचं काउंटर, वर लटकलेले कोट, मागे फुसफुसणारं वाफेचं यंत्र, आणि बाजूला कुठल्याशा हॉटेलच्या धुतलेल्या चादरींचा डोंगर. त्या डोंगरापुढे एक म्हातारा उभा होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. एका भल्या मोठ्या चादरीचं एक टोक त्याने दातात धरलं होतं, दुसरं डाव्या हातात, आणि बाकीची चादर जमिनीवर लोळू नये म्हणून तो एका पायावर नाचत होता.

"अहो, थांबा थांबा!" बेबी मराठीतच ओरडली. सॅक दाराशी टाकली, हात स्वतःच्याच ओढणीला खसाखसा पुसले आणि चादरीची दोन टोकं उचलली. म्हाताऱ्याने दातातलं टोक काढलं, ते प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांत खोचलं आणि तो आ वासून बघत राहिला.

पहिली चादर बिघडली. तो आडवी घडी घालायला गेला, ती उभी. चादरीचा पीळ झाला. दोघं एकमेकांकडे बघून हसली. दुसरीला तिने मान हलवून म्हटलं, तुमचं दुकान, तुमची घडी. झटका, ताण, टोकाला टोक, मग चालत एकमेकांकडे यायचं आणि आपली टोकं समोरच्याच्या हातात द्यायची.

टोकं देताना बोटाला बोट लागलं आणि बेबीच्या तोंडून आपसूक निघालं, "एक होता उंट."

ती स्वतःच दचकली. किती वर्षांत आठवला नव्हता तो उंट!

वडील अबोल होते. दिवसभर इस्त्रीपुढे उभे, कपाळावर घाम, तोंडाला कुलूप. पण संध्याकाळी चादरींच्या घड्या घालायला मुलांपैकी कोणीतरी लागायचं, आणि बेबीची पाळी असली की वडील गोष्ट सांगायचे. गोष्ट सांगायची पद्धतही त्यांचीच. टोकं जुळवायला दोघं जवळ आली, की एक वाक्य. मग लांब जायचं, पुढची चादर झटकायची, आणि परत जवळ आल्यावर पुढचं वाक्य. एक होता उंट. त्याला वाळूचा आला कंटाळा. तो म्हणाला, मी समुद्र बघणार. लोक म्हणाले, उंटावर शहाणा बसतो, इथे उंटच शहाणा निघाला! पुढचं वाक्य ऐकायला बेबी पळत पळत जवळ यायची, आणि वडील दटावायचे, "हळू. चुण्या पडतात." चादरी संपल्या की गोष्ट थांबायची. "उरलेली उद्या." वर्षानुवर्षं चालला होता तो उंट, गावोगाव, सगळ्यांशी हुज्जत घालत.

"त्याला वाळूचा आला कंटाळा," बेबी म्हाताऱ्याला म्हणाली.

म्हाताऱ्याने मान डोलावली. पुढच्या चादरीला जवळ आला तेव्हा तोही त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. मग तिचं एक वाक्य, मग त्याचं एक. तो काय सांगत होता देव जाणे. कदाचित हात कसा मोडला ते, कदाचित बायकोबद्दल, कारण एकदा त्याने भिंतीवरच्या एका फोटोकडे हनुवटी वळवली आणि त्याचा आवाज मऊ झाला. बेबी म्हणाली, "हो ना, असंच असतं." ते कुठल्याही भाषेत चालतं.

डोंगर उतरला तेव्हा दुपार झाली होती. मग म्हाताऱ्याने तिची सॅक उघडली, नाक मुरडलं, एका बाटलीतलं काहीतरी डागांवर ओतलं आणि सगळं यंत्रात घातलं. वाट बघता बघता दोघांनी कोऱ्या चहाचे पेले संपवले.

संध्याकाळी बागेतल्या बाकावरून तिने दादाला फोन लावला.

"दादा, बाबांच्या उंटाचं शेवटी काय झालं रे? हॉटेलवाल्यांनी स्वतःची यंत्रं आणली, चादरी यायच्या बंद झाल्या, तेव्हा तो एका गावाच्या वेशीवर उभा होता. रखवालदार विचारत होता, कोण रे तू, कुठला?"

"कुठला उंट?" दादा म्हणाला.

"चादरींवरचा!"

मग दादा हळूच म्हणाला, "मला ते चोराची गोष्ट सांगायचे. एक चोर होता, त्याला अंधाराची भीती वाटायची. उंट मी आज पहिल्यांदा ऐकतोय."

"आणि मी चोर!"

इतकी वर्षं दोघांना वाटत होतं, की आपली गोष्ट तीच दुसऱ्याचीही. दोन मुलं, दोन गोष्टी. आणि तो अबोल माणूस दिवसभर इस्त्री फिरवताना दोन्हींची पुढची वाक्यं मनात जुळवत असणार. बेबीने ओढणीने डोळे पुसले. दादाने नाक ओढल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं.

"बेबे," तो म्हणाला, "फोन ठेवू नकोस. आधी उंट सांग. मग मी चोर सांगतो."

तिने उंट सांगितला, मग दादाने चोर. बागेतले दिवे लागले, शेजारच्या बाकावर एक आजोबा-नात येऊन बसली आणि उठून गेली, तरी चोर आपला अंधारात शिरायला घाबरतच होता.

बेबी पुढच्या शहरात जाणार होती, ती गेली नाही. उरलेले दिवस सकाळी दुकान आणि दुपारी भटकंती असा तिचा क्रम झाला. निघायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्याची सून बाळंतपणाहून परतली होती, मूल एका कपड्यांच्या टोपलीत झोपवून ती कामाला लागली होती. बेबीने तिला चादरीची दोन टोकं दिली आणि आपण बाजूला झाली. सासरा-सून चादर झटकून एकमेकांकडे चालत आली, टोकं जुळली, आणि म्हातारा सुनेला अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाला. सून चकित होऊन हसली. तिने मान वर करून विचारलं, ते नक्कीच "मग?" असणार.

बेबी टोपलीशी बसून बाळाकडे बघत होती. आज तिला पुढच्या वाक्याची घाई नव्हती.