साहेबांची खोली

पितळेचा तो नट तिच्या तळहातावर होता – खिडकीच्या कट्ट्यावरून तो कधी उचलला तिलाच ठाऊक नव्हतं – आणि तो गार आहे की कोमट, हेही तिला सांगता आलं नसतं. सुपारीएवढा, आतून आटे पाडलेला. एसी बसवायला आलेल्या मेकॅनिकने हात पुढे केला तसा तिने तो मुकाट्याने देऊन टाकला. तो सांगत होता, की आधी नट पाइपात ओवायचा आणि मगच पाइपाचं तोंड फुलवायचं. विसरलात की ते तोंड कापा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, आणि अशी किती तोंडं कापलीत म्हणून सांगू, ताई! ती हसली. म्हणजे ओठ हसले. आत काही हललं नाही. सकाळपासून हे असंच चाललं होतं. तो काहीतरी विचारायचा, ती काहीतरी सांगायची. पाइपांवर चिठ्ठ्या चिकटवताना साहेबांची खोली कुठली म्हणाला, तेव्हाही बोट दाखवून ती मोकळी झाली होती.

बाहेर गॅलरीत एकच मोठं यंत्र, आणि आत तीन – हॉलमध्ये, मोठ्या खोलीत, मधल्या खोलीत. थंडीत गरम, उन्हाळ्यात गार, ज्याला जसं हवं तसं. दुकानात विचारलं होतं, किती खोल्या? आणि नवरा माहितीपत्रकातून मान वर न करता म्हणाला होता, तीन. ती शेजारीच उभी होती. कुणीतरी दोन म्हणायला हवं होतं... तिने म्हटलं नाही. दुकानदार खूश. म्हणाला, झकास, आता घरात भांडणच नको!

भांडण होतं कुठे? म्हणजे पूर्वी होतं, रोजचं होतं. मोठ्या खोलीतल्या पंख्यावरून. त्याला बारा महिने पंखा पाचावर हवा आणि हिला भर उन्हाळ्यात पायांवर पांघरूण. तो म्हणायचा, तुझ्या अंगात रक्त आहे की ताक? ती म्हणायची, तुम्ही गच्चीवरच झोपत जा. मग पंखा पाचावर करून तोच तिच्या अंगावरची रजई कानापर्यंत ओढायचा – घे, झाला न्याय! – आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायचा. मग त्याची पाठ धरली. मधल्या खोलीतली गादी कडक, म्हणून चार दिवस तिकडे झोपतो म्हणाला. पाठ बरी झाली. माणूस परत आला नाही. तंटा नाही, बखेडा नाही. आधी उशी गेली, मग चष्म्याची डबी, मग मोबाइलचा चार्जर... चार्जर गेला तेव्हाच आपल्याला कळायला हवं होतं, असं तिला कधीकधी वाटायचं. तरी गादीचं काय, गादी कधीही उचलून आणता येते. पण काल मधल्या खोलीच्या भिंतीत ड्रिल शिरलं, सिमेंटची धूळ उडाली, आणि ती पदर नाकाला लावून दारात उभी होती. झालं, तिच्या मनात आलं, आता हे पक्कं झालं, आता हा काही परत येत नाही. रडू येईल म्हणून ती थोडी थांबली. आलं नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने धुतलेलीच भांडी पुन्हा विसळली.

दुपारी मेकॅनिकने पाइपांना पंप लावला. आतली सगळी हवा आणि ओल ओढून काढायची, पंप बंद करायचा आणि मीटरच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला तर कुठेतरी गळतंय. घाई करायची नाही, ताई, घाई करणाऱ्यांची यंत्रं वर्षात बोंबलतात. तोही बसला, गुडघ्यावर हात ठेवून, आणि तीही स्टूल ओढून बसली. आत काही नाही, बाहेरून काही येत नाही, काटा जागच्या जागी. छान आहे, तो म्हणाला. तिला ते छान आहेसं वाटलं नाही. पण वाईट आहेसंही वाटलं नाही.

नवरा कामावरून आला तेव्हा चाचणी चालू होती. एका वेळी एकच खोली, असा मेकॅनिकचा नियम. आधी हॉल झाला. मग त्याने मोठ्या खोलीचा रिमोट तिच्या हातात दिला. तिने बटण दाबलं, यंत्राची झडप उघडली, वारा आला. नुसताच वारा. मेकॅनिकने वाऱ्यासमोर हात धरून पाहिला, डोकं खाजवलं, आणि उठून मधल्या खोलीत गेला. तिथलं यंत्र बंद होतं. त्याचं झाकण उघडून त्याने आत बोट लावलं आणि तिथूनच दोघांना हाक मारली.

"हे बघा. बटण ताईंनी दाबलंय, आणि गारवा येतोय साहेबांकडे."

गोष्ट साधी होती. वायर एका खोलीची आणि पाइप दुसऱ्या खोलीचा, असे बाहेर जोडले गेले होते. दोन्ही खोल्या एकदम चालू केल्या असत्या, तर आज कुणाला पत्ताही लागला नसता. मग असू दे की, असं ती म्हणाली. खोल्या गार होण्याशी मतलब. मेकॅनिकने मान हलवली.

"असं चालत नाही, ताई. एक दिवस तुम्ही एकट्याच चालू कराल. तुमची खोली गार होणार नाही, म्हणून तुमचं यंत्र मागत राहणार. बाहेरचं पाठवत राहणार, ते जाणार तिकडे. आणि तिकडचं बंद, त्याला काही खबरच नाही. नुसता बर्फ साठत जाईल."

मेकॅनिक आपल्याच तंद्रीत, चूक कुठे झाली ते शोधत होता. वायरी काल ओढल्या, तेव्हा साहेबांना विचारून चिठ्ठ्या लावल्या. पाइप आज, ताईंना विचारून. साहेब काल म्हणाले, मधली माझी. आणि ताई –

"तुम्ही आज मोठ्या खोलीकडे बोट केलंत. साहेबांची खोली म्हणून."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. नीट, पुष्कळ दिवसांनी, चष्म्यावरून.

"मोठी?" तो म्हणाला.

"चुकून," ती म्हणाली.

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हललेही. मग मेकॅनिकने टॉर्च मागितला आणि तो टॉर्च आणायला गेला.

दोन वायरींची अदलाबदल, बस. मेकॅनिकने हत्यारं पिशवीत भरली, पाणी प्यायला, आता ज्याचं त्याला म्हणाला आणि गेला. जेवणं झाली. भाजीत मीठ कमी होतं, ते नवऱ्याने सांगितलं नाही, वाढून घेतलं.

आता ती मोठ्या खोलीत पलंगाच्या आपल्या कडेला बसली होती – आपल्या कडेला, अजूनही, अख्खा पलंग मोकळा असताना – आणि समोरच्या भिंतीवरून गारवा अगदी हिशेबात येत होता, तिच्या बटणावर, तिच्या खोलीत. चुकून म्हणाले मी. चुकून कसली... विचारलं आणि हात तिकडेच गेला, माझं काही न ऐकता. त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं की नवरा आता इथे राहत नाही. मग मला तरी कुणी सांगितलं होतं? आणि हे आठवताच छातीत काहीतरी इतकं दुखलं की तिने रिमोट मांडीवर घट्ट दाबून धरला.

मानेवर काटा आला. हात आखडले. बटण दाबलं की झालं, हवं तर गरम वारासुद्धा येईल, रजईही पायाशीच आहे. भिंतीपलीकडे मधल्या खोलीचं यंत्र एकदा वाजलं, सुरू झालं की बंद झालं ते कळलं नाही. तिने रजईकडे हात नेला नाही. थंडी वाजतेय, ती स्वतःशीच पुटपुटली, आणि मग जरा मोठ्याने, दाराकडे तोंड करून, पुन्हा तेच.