बसंतीबाईचं पोट

झोळीतला कापूस ढिगावर ओतला, कमरेची गाठ सोडली, तरी बसंतीबाईचं पोट पुढेच राहिलं. वेचणीच्या बाया बघतच राहिल्या. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली बाई आणि हे पोट! त्या साली कापसाला भाव नव्हता, पण अशा बातमीला आर्णीजवळच्या त्या तांड्यात कधी मंदी आली नाही. संध्याकाळपर्यंत बातमी तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, ओट्यावर पोचली.

तांड्याची पंचायत बसली. बसंतीबाईचा दीर किसनसिंग पंचांच्या शेजारी बसला होता.

"कोणाचं हाय? नाव सांग," नायक लखीराम म्हणाला.

"लेकरू नाही नायकबा. पोटात दुखते."

"जमनाबाईनं हात लावून पाह्यला. भरलं हाय म्हणते."

सुईणीच्या एका हातावर बाईची अब्रू तोलायची, ही आपली न्यायाची रीत! नाव सांगेपर्यंत बसंतीबाई वाळीत. तिच्याशी बोलायचं नाही, हापशीवर येऊ द्यायचं नाही, गाडीत बसवायचं नाही. लेक ममताची ठरलेली सोयरीकही मोडली.

गप्प राहिलं की लोक विसरतील, असं बसंतीबाईला वाटलं. ती गप्प राहिली आणि दुखणं वाढत राहिलं. शौचाला काळं होत होतं, तेही तिनं सांगितलं नाही. सांगायला होतं तरी कोण? पोरीच्या जिवाला आणखी घोर कशाला, म्हणून तिनं ते पोटातच ठेवलं. एक दिवस नाल्यावरून पाणी आणताना ती भोवळ येऊन पडली.

किसनसिंगची जीप दारात उभी होती. ममतानं काकापुढे हात जोडले.

"पंचायचा शब्द मोडू कसा?" तो म्हणाला.

ममतानं आईला धरून धरून रस्त्यापर्यंत नेलं आणि यवतमाळची एसटी अडवली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर अनघांनी तपासण्या केल्या. "मूल नाही, जठराची गाठ आहे. या जातीची गाठ फार थोड्यांना होते. न फुटता सगळी निघाली तर पुष्कळ जण वर्षानुवर्षं जगतात. पण या गाठीतून रक्त जातंय. इतका उशीर का केलात?"

ममता बोलणार होती, पण बसंतीबाईच म्हणाली, "पोट दिसलं म्हून वाळीत टाकलं बाई. म्हून उशीर."

गाठ निघाली, जठराच्या तुकड्यासकट. फुटली नव्हती, हे नशीब. पण फार वाढली होती. ती पुन्हा उलटू शकते, गोळ्या चुकवू नका, तपासायला येत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. लवकर आला असतात तर जास्त भरवसा देता आला असता, हेही सांगितलं. बसंतीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. दुखण्याचा राग नव्हता. पंचांनी तिचे दिवस खाल्ले होते, त्याचा होता.

ती तांड्यात परतल्यावर नायक स्वतः घरी आला, मागे किसनसिंग.

"झालं ते झालं. पंचायपुढं ये, डॉक्टरीण काय म्हणे ते सांग, जेवण घाल. तुले शुद्ध करून घेतो. पोरीची सोयरीकही जुळवतो."

बसंतीबाईनं लेकीकडे पाहिलं. ममतानं मान हलवली, नाही म्हणून. मग बसंतीबाई खाटेवरून उठली. टाक्यांमुळे सरळ उभं राहता येत नव्हतं, तरी राहिली.

"गाठ निंघाली म्हून मी शुद्ध. आन लेकरू निंघालं असतं त? मंग मले मरू देल्लं असतं ना?"

बसंतीबाईनं ममताला घागर घ्यायची खूण केली.

"मी पंचायपुढं येत नाही. जेवणही घालत नाही. बाईले वाळीत टाकाचा हक तुमाले कोणं देल्ला, ते अगुदर सांगा."

उत्तराची वाट न बघता मायलेकी हापशीवर गेल्या. बाया झटकन बाजूला सरल्या, त्यांत जमनाबाईही होती. ममतानं दांडा मारून घागर भरली. भरली घागर डोक्यावर चढवायला दुसरे हात लागतात, आणि बसंतीबाईला ओझं उचलायची मनाई होती. ती एकेकीच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

त्या बायांमध्ये तुम्ही असता, तर पुढे आला असता?